थोडं आणि वरचेवर: फेरेटच्या नखांविषयी

फेरेटच्या प्रत्येक पायाला पाच बोटं असतात आणि प्रत्येक बोटाला एक नख, म्हणजे एकूण वीस नखं. मांजराप्रमाणे ती आत ओढून घेण्याची सोय त्याला नाही. चालताना, खेळताना, अगदी झोपेतही ती बाहेरच असतात. माती उकरण्यासाठी घडलेली ही नखं आता घरातल्या गालिच्यावर, सोफ्यावर आणि पिंजऱ्यात टांगलेल्या कापडी झोळीत दिवस काढतात. तिथे ती झिजत नाहीत. वाढत जातात, टोकाशी अणकुचीदार होतात आणि आकड्यासारखी वळतात. प्राण्याला आणि माणसाला इजा न होता ही नखं कशी कापावीत आणि घासून बोथट कशी करावीत, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

विषय लहान वाटेल. पण फेरेट पाळणाऱ्या घरात दर दोन-तीन आठवड्यांनी हे काम समोर उभं राहतं आणि अनेकांना त्याची धास्ती वाटते. धास्तीपोटी ते पुढे ढकललं जातं, तोवर नखं आणखी वाढतात आणि मग एकाच बैठकीत सगळी नखं खोलवर कापण्याचा घाट घातला जातो. प्राणी झटापट करतो, कात्री जिव्हाळीला लागते, रक्त येतं. पुढच्या वेळी माणूस आणि फेरेट दोघेही आधीपासूनच घाबरलेले असतात. थोडं कापावं आणि वरचेवर कापावं, हा या पुस्तकाचा गाभा आहे आणि माझंही मत तेच आहे. हत्यार कोणतं घ्यावं, प्राण्याला धरावं कसं, हे प्रश्न महत्त्वाचे खरे, पण ते त्यानंतरचे.

फेरेट प्रत्यक्ष न पाहिलेल्या वाचकासाठी त्याची थोडी ओळख करून देतो. लांबट, लवचीक अंगाचा, आखूड पायांचा हा मांसाहारी प्राणी युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाळला, त्याला दोन हजारांहून अधिक वर्षं झाली असावीत. आपल्याकडचा वाचक त्याला पटकन मुंगूस समजतो, पण मुंगसाचं कुळ वेगळं. फेरेटचं नातं पाणमांजर आणि बिज्जू यांच्याशी आहे. मुंगसाला भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ते पाळता येत नाही, तर फेरेट हा कुत्र्या-मांजरासारखा पूर्णपणे पाळीव झालेला प्राणी आहे. मादी साधारण अर्धा ते एक किलो वजनाची, नर दोन किलोंपर्यंत. दिवसाचे चौदा ते अठरा तास तो झोपतो आणि उरलेल्या वेळात घर डोक्यावर घेतो. त्याची ही गाढ झोप आणि हा दांडगा उत्साह, दोन्हींचा नखं कापण्याशी जवळचा संबंध आहे.

फेरेटचा लेखी इतिहास त्याच्या नखांपासूनच सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळात स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिलं आहे. शिकारी लोक आफ्रिकेतून आणलेल्या एका लहान प्राण्याच्या तोंडाला मुसकं बांधून त्याला बिळात सोडत. तो नखांनी सशाला बाहेर ओढून आणी, किंवा सशाला पळायला लावी आणि बाहेर थांबलेले शिकारी त्याला पकडत. हा प्राणी फेरेट असावा असं मानलं जातं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी यानेही बॅलिअरिक बेटांवरच्या सशांच्या धुमाकुळाचं आणि बिळात सोडल्या जाणाऱ्या अशाच प्राण्याचं वर्णन केलं आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘क्वीन मेरी साल्टर’ या इंग्लिश हस्तलिखितात फेरेट घेऊन सशांच्या शिकारीला निघालेल्या स्त्रिया दिसतात. त्याच शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या गास्तों फेबुसच्या शिकारग्रंथातही फेरेट आणि जाळी यांचं चित्र आहे. या सगळ्या काळात फेरेटचं नख हे त्याच्या कामाचं हत्यार होतं. माती आणि दगड ते झिजवत, माणसाला त्याकडे पाहण्याची फारशी गरज पडत नव्हती.

ती गरज निर्माण झाली फेरेट शेतातून घरात आला तेव्हा. या प्रवासात प्रयोगशाळांचाही वाटा आहे. 1933 साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू फेरेटच्या मदतीने वेगळा केला. माणसाचा फ्लू फेरेटला होतो, हे तेव्हापासून पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच आपल्याला सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी फेरेटला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन नखं कापत बसू नये. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि युरोपात तो घरचा सोबती म्हणून लोकप्रिय झाला आणि त्याच्या आरोग्याचं स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं. जेम्स फॉक्स यांचा फेरेटच्या जीवशास्त्रावरचा आणि आजारांवरचा ग्रंथ 1988 साली आला. रेबीजची लस अमेरिकेत 1990 साली फेरेटसाठी मान्य झाली. फेरेट, ससे आणि उंदीरवर्गीय प्राण्यांवरचं हिलियर आणि केसेनबेरी यांचं वैद्यकीय पाठ्यपुस्तक 1997चं. अशा ग्रंथांचा रोख साहजिकच रोगनिदानावर आणि शस्त्रक्रियेवर आहे. नखं कापण्यासारखी घरची कामं मात्र पाळणाऱ्यांनी एकमेकांकडून, मंडळांमधून आणि दवाखान्यातल्या मदतनिसांकडून शिकून घेतली. त्यामुळे या कामात पद्धती अनेक झाल्या आणि प्रत्येक पद्धतीचे कट्टर पाठीराखेही तयार झाले.

पद्धतींकडे वळण्याआधी नखाची घडण समजून घ्यायला हवी. बोटाच्या शेवटच्या हाडावरून नख वाढतं. त्याचं बाहेरचं आवरण केराटिनचं, म्हणजे आपल्या केसांच्याच द्रव्याचं असतं आणि त्याला संवेदना नसते. आत मात्र रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग असतो, ती जिव्हाळी. बहुतेक फेरेटची नखं फिकट आणि अर्धपारदर्शक असल्याने ती उजेडात गुलाबी रेषेसारखी दिसते. कुत्र्याच्या काळ्या नखांपेक्षा हे काम या बाबतीत सोपं आहे. गुलाबी रेष जिथे संपते तिथून दीड-दोन मिलिमीटर अंतर सोडून कापावं आणि काप तळव्याला समांतर राहील असा घ्यावा, म्हणजे खाली टोकदार आकडा उरत नाही. नख फार दिवस न कापल्यास जिव्हाळीही त्याच्याबरोबर पुढे सरकते. अशा नखाला एकदम आखूड करता येत नाही. दर आठवड्याला फक्त टोक काढत गेलं की ती हळूहळू मागे हटते. ‘थोडं आणि वरचेवर’ या नियमामागचं शरीरशास्त्र हेच आहे.

आता पद्धती. ब्रिटनच्या खेड्यांत आजही सशांच्या शिकारीसाठी फेरेट पाळणारे लोक आहेत. त्यांच्या दृष्टीने नखं कापणं हा अपवाद. जो प्राणी जमिनीखाली काम करतो त्याला पकडीसाठी नखं लागतात आणि ती तिथेच झिजतातही. फार वाढलेलं नख तेवढं टोकाशी छाटायचं. ही भूमिका कामाच्या प्राण्यासाठी योग्य आहे, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या फेरेटला ती लावली की त्याचे हाल होतात. लांब नख झोळीच्या धाग्यात किंवा गालिच्याच्या फाशांत अडकतं. घाबरलेला प्राणी जोराने ओढतो आणि नख मुळापासून उपटलं जातं. वाढलेल्या नखांमुळे बोटं नीट टेकत नाहीत आणि चालही बदलते.

दुसरी परंपरा दवाखान्याची. मानेमागची सैल कातडी मुठीत धरून फेरेटला उचललं की तो बहुधा जांभई देतो आणि अंग सैल सोडतो. आई पिल्लांना अशीच उचलते. एकाने असं धरायचं, दुसऱ्या हाताने त्याच्या मागच्या अंगाला आधार द्यायचा आणि दुसऱ्या माणसाने भराभर नखं कापायची. ही रीत जलद आहे आणि अनुभवी हातात सुरक्षितही आहे. पण जड नराला आधाराशिवाय लोंबकळत ठेवणं बरं नाही आणि दर वेळी हाच उपाय केला तर काही फेरेट हात पाहताच पळू लागतात. टॉवेलमध्ये गुंडाळून एकेक पाय बाहेर काढण्याची रीत याच परंपरेतली. चावऱ्या किंवा घाबरट प्राण्यासाठी ती कामी येते, मात्र गुंडाळी घट्ट होऊन श्वास कोंडणार नाही हे पाहावं लागतं.

तिसरी पद्धत घराघरांत रुजलेली आणि मला सर्वांत उपयुक्त वाटणारी. फेरेटला मांडीवर उताणं घ्यायचं आणि त्याच्या पोटावर सामन माशाच्या तेलाचे दोन-चार थेंब टाकायचे. तो मान वाकवून तेल चाटत राहतो आणि तेवढ्यात एका पंजाची नखं कापून होतात. तेल थोडंच असावं, कारण जास्त झाल्यास पोट बिघडतं. मनुका, गोड माल्ट पेस्ट असे पदार्थ मात्र वापरू नयेत. मध्यम वयाच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडाच्या इन्सुलिनोमा नावाच्या गाठी वारंवार आढळतात, त्यात रक्तातली साखर घसरते, आणि साखरेच्या खाऊने अशा प्राण्याची स्थिती आणखी बिघडते. याच्याच जवळची चौथी रीत म्हणजे गाढ झोपेतल्या फेरेटची दोन-तीन नखं हळूच कापून घेणं. वयस्कर आणि शांत प्राण्यांना ती मानवते. कपाळावर पांढरा पट्टा असलेले किंवा पूर्ण पांढऱ्या तोंडाचे अनेक फेरेट जन्मतः बहिरे असतात. त्यांना झोपेत अचानक स्पर्श केला तर ते दचकून चावू शकतात, म्हणून आधी आपला हात त्यांना हुंगू द्यावा.

सर्वांत नवा विचार प्राण्याच्या सहकार्याचा आहे. प्राणिसंग्रहालयांत आणि श्वानप्रशिक्षणात तो आधी वाढला. प्राण्याला टप्प्याटप्प्याने सवय लावायची. आज फक्त पंजा हातात घ्यायचा आणि खाऊ द्यायचा, उद्या नेलकटर जवळ आणून बाजूला ठेवायचा, परवा एकच नख कापायचं आणि थांबायचं. प्राण्याने पाय ओढून घेतला तर तो सोडायचा. यात वेळ लागतो. पण फेरेट सात-आठ वर्षं घरात राहणार असतो, आणि पिलूपणी या कामाला घातलेले काही आठवडे पुढची सगळी वर्षं सोपी करतात. पुस्तक या विचाराकडे झुकलं आहे, तरी बाकीच्या पद्धती ते नाकारत नाही. आजारी प्राण्याचं नख तुटून लोंबत असेल तेव्हा सवय लावायला वेळ नसतो, तिथे मानगुटीला धरणंच योग्य.

कापल्यानंतरच्या घासण्याचा विचार पुस्तकात वेगळा केला आहे आणि तो व्हायलाच हवा होता. ताजं कापलेलं नख कडेला धारदार राहतं. अंगावर ओरखडे उठतात ते बऱ्याचदा याच कडेमुळे. साध्या कागदी नेल फाइलने एकाच दिशेने दोन-तीनदा घासलं की ती कड मोडते. पुढेमागे खरखर घासल्याने नख हलतं आणि प्राण्याला ते आवडत नाही. विजेवर फिरणारं, ड्रेमेलसारखं यंत्र काही जण वापरतात. ते काम बारीक करतं, पण त्याचा आवाज, थरथर आणि उष्णता यांची आधी सवय लावावी लागते, गती सर्वांत कमी ठेवावी लागते आणि नखाला एका वेळी क्षणभरच टेकवावं लागतं. फिरत्या भागात पंजावरचे केस गुंतू शकतात. पिंजऱ्यात खरकागद अंथरून नखं आपोआप झिजतील ही कल्पना ऐकायला सोयीची आहे, पण त्याने नखांआधी तळवे सोलवटतात.

काळजी घेऊनही कधीतरी जिव्हाळीला लागतंच. त्यासाठी रक्त थांबवणारी पूड हाताशी असावी. तिच्यात बहुधा फेरिक सबसल्फेट हे लोहाचं संयुग असतं. ती नसेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर दाबून दोन-तीन मिनिटं धरावं. आपल्या घरांतली तुरटीही रक्त थांबवते, पण ती झोंबते, म्हणून तिचा नंबर शेवटी. दहा-पंधरा मिनिटांनंतरही रक्त थांबलं नाही तर पशुवैद्याकडे जावं. नसबंदीची शस्त्रक्रिया न झालेली मादी फार दिवस माजावर असेल तर हे आणखी तातडीचं ठरतं. तिच्या शरीरात इस्ट्रोजेन सतत वाढलेलं राहिल्याने अस्थिमज्जेचं काम मंदावतं, रक्त गोठवणाऱ्या बिंबाणू पेशी कमी होतात, आणि नखातून न थांबणारं रक्त हे त्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं.

नखं कापायला बसणं म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी फेरेटची घरच्या घरी तपासणी करणंही आहे, आणि या पुस्तकाची आज गरज आहे ती मुख्यतः यासाठी. पंजा हातात घेतल्यावरच तळवे दिसतात. ते जाड आणि कडक झाले असतील तर कुत्र्यांच्या डिस्टेंपरची शंका घ्यावी लागते. हा रोग फेरेटला जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि लस हाच त्यावरचा खरा बचाव आहे. पंजे सुजून खपल्या धरत असतील, नखं वेडीवाकडी होत असतील, तर खरजेच्या किड्याचा एक प्रकार असू शकतो. वयस्कर प्राण्याचं नख ठिसूळ होऊन उभं चिरतं. हा बदल दुरून दिसत नाही. फेरेट दुखणं लपवण्यात पटाईत असतो. त्याचं शरीर नियमितपणे हाताळणाऱ्या माणसालाच ते आधी कळतं.

नखांचा त्रास कायमचा मिटवण्यासाठी ती शस्त्रक्रियेने काढून टाकण्याची कल्पना अधूनमधून डोकं वर काढते. या शस्त्रक्रियेत बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं. फेरेट चालताना, वळताना आणि पकड घेताना सतत नखांवर विसंबून असतो. त्याला हे कायमचं अपंगत्व आहे. पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी 1987 साली स्ट्रासबर्गला झालेल्या युरोपीय कराराने उपचाराची गरज नसताना नखं काढण्याला मनाई केली आहे. अमेरिकन फेरेट असोसिएशनचाही त्याला विरोध आहे. महिन्यातून दोनदा दहा मिनिटं देण्याची तयारी नसलेल्याने फेरेट पाळू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मराठीत हे पुस्तक का, याचं उत्तर देतो. परदेशातल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टाने फेरेट येतो आणि घरात आजी-आजोबा असतील तर दिवसभर त्याची देखभाल त्यांच्याकडेच येते. त्यांना आपल्या भाषेत नीट समजावणारं काही हवं होतं. कायदेही त्यांना ठाऊक हवेत. न्यू जर्सीत परवाना काढून फेरेट ठेवता येतो, पण नदीपलीकडच्या न्यूयॉर्क शहरात त्याला बंदी आहे. कॅलिफोर्निया आणि हवाई इथे तो पाळता येत नाही, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्येही नाही. न्यूझीलंडने एकोणिसाव्या शतकात सशांवर उपाय म्हणून फेरेट आणले, ते रानात पसरून तिथल्या पक्ष्यांच्या जिवावर उठले, आणि 2002 साली त्या देशाने त्यांच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घातली. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या, 1886 पासून चालत आलेल्या संस्थांतून शिकून परदेशी जाणाऱ्या तरुण पशुवैद्यांनाही पाळणाऱ्याशी कसं बोलावं याचा नमुना इथे मिळेल. दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत हा आपल्या घरांतला दंडकही इथे पाळण्याजोगा आहे. जिव्हाळी नीट दिसायला दिवसाचा उजेडच लागतो.

पुस्तकाची मांडणी वाचकाच्या हाताला धरून नेणारी आहे. आधी नख ओळखायला शिकवायचं, मग प्राण्याला ओळखायला, आणि कात्री त्यानंतर हातात द्यायची, असा तिचा क्रम आहे. आकृत्या मोठ्या आणि स्पष्ट आहेत. नेलकटर, मांजरांसाठीची वळणदार कात्री, फाइल यांच्या निवडीत महागड्या वस्तूंचा आग्रह नाही, धार मात्र हवी, कारण बोथट पात्याने नख कापलं न जाता चिरडलं जातं. वय, स्वभाव आणि आजार यांप्रमाणे सल्ला बदलतो हे प्रत्येक टप्प्यावर सांगितलं आहे, आणि कुठे थांबून पशुवैद्याकडे जावं हेही. फेरेटचा संपूर्ण आहार, लसीकरण किंवा पैदास यांत लेखन शिरत नाही. हा संयम मला आवडला.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक पूर्ण वाचून मगच सुरुवात करू नका. नखाच्या घडणीचा भाग वाचून झाला की आज दुपारी आपल्या फेरेटला मांडीवर घ्या, खिडकीच्या उजेडात त्याचा पंजा नुसता पाहा, गुलाबी रेष कुठे संपते ते शोधा आणि त्याला सोडून द्या. कापायचं काम उद्याही होईल, आणि उद्याही एकच नख पुरे आहे.